स्टुडिओचा पडदा आणि डोळे मिटलेला फोटो

मित्रांनो, तुमच्या गावातल्या निम्म्याअधिक माणसांनी कधी ना कधी माझ्यासमोर उभं राहून श्वास रोखून धरला आहे. मी फोटो स्टुडिओतला एक जुना पडदा आहे. माझे रंग आता उडाले आहेत, कडा उंदरांनी कुरतडल्या आहेत आणि तुमच्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांमागे माझी गुंडाळी उभी आहे. लपाछपी खेळताना तुम्ही माझ्याआड लपता, तेव्हा तुमचा धाप लागलेला श्वास मला ऐकू येतो. म्हणूनच तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

मी मूळचं जाडंभरडं मांजरपाटाचं कापड. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या स्टुडिओच्या मालकांनी मला आणलं. त्यांना सगळं गाव फोटोवाले काका म्हणत असे. त्यांचा मेहुणा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. काकांनी मला त्या पेंटरच्या हवाली केलं. त्याने मला लाकडी चौकटीवर ताणून ठोकलं, सरसात खडूची पूड कालवून तिचे दोन हात माझ्यावर दिले आणि मग रंग काढले. काकांनी त्याला बाग रंगवायला सांगितली होती. कारंजं, दोन हंस आणि एक पांढराशुभ्र जिना. आठ दिवसांनी काका बघायला आले, तर माझ्यावर गावचं तळं होतं! दगडी पायऱ्या, पलीकडे घड्याळाचा मनोरा आणि एका कोपऱ्यात साबणाच्या कारखान्याचं धुराडंसुद्धा.

"अरे, हे काय करून ठेवलंस? मी बाग सांगितली होती!" काका कपाळाला हात लावून म्हणाले.

"बाग काय, कुठल्याही गावात असते, भाऊजी. तळं आपलं आहे," पेंटर ब्रश पुसत म्हणाला.

"लोक रोज उठून तेच बघतात. त्याच्यासमोर फोटो कशाला काढतील?"

पण लोकांनी काढले. नवी नवरा-नवरी आली, नोकरीतून निवृत्त झालेले कारकून आले, पहिल्यांदा बसायला शिकलेली बाळं आली. काका काळ्या कापडाखाली डोकं घालून म्हणत, "हनुवटी जरा खाली. हं, आता श्वास धरा." कुणाचे डोळे मिटले तर ते हसून पुन्हा फोटो काढत. दोनदा, तीनदा, चारदा. डोळे मिटलेला फोटो त्यांनी कधी कुणाच्या हातात दिला नाही. गावभर त्यांचं नाव होतं ते यासाठीच.

आपल्या गावची माणसं मोठी गमतीची, मित्रांनो. आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसून ती गावाला मनसोक्त नावं ठेवायची. कारखान्याच्या वासाने डोकं उठतं, तळं म्हणजे डासांचं माहेर झालंय, इथे राहून कुणाचं भलं झालंय का, असं सगळं बोलून व्हायचं. आणि फोटोला उभी राहिली की म्हणायची, "काका, मनोरा आला पाहिजे हं फोटोत." एकदा बाहेरगावचा एक विमा एजंट सहज म्हणाला, "काय मरगळलेलं गाव आहे हो तुमचं." तेव्हा अर्धा तास गावाच्या नावाने बोटं मोडणारे एक म्हातारे मास्तर ताडकन उभे राहिले. "तुम्हाला आमंत्रण दिलं होतं का कुणी?" त्यांनी विचारलं. एजंट फोटो न काढताच निघून गेला.

मनोऱ्यावरचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं. त्याची गोष्ट काका प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगत. म्हणे, फार वर्षांपूर्वी घड्याळ सांभाळणाऱ्या माणसाचा मुलगा गाव सोडून निघाला होता. त्याची गाडी चुकावी म्हणून बापाने काटे सात मिनिटं मागे सरकवले. पण मुलालाच केवढी घाई! तो तासभर आधीच स्टेशनवर जाऊन बसला होता. गाडी गेली, मुलगा गेला, काटे तसेच राहिले. ही गोष्ट सांगून काका इतके हसत, की त्यांचा चष्मा नाकावर घसरत असे.

काकांना एकच मुलगी. तिला सगळे ठकी म्हणत. ती पाच वर्षांची असताना तिची आई वारली आणि मग ती स्टुडिओतच वाढली. माझ्यापुढच्या सतरंजीवर पालथी पडून अभ्यास करायची, कंटाळा आला की माझ्यावरच्या पायऱ्या मोजायची. काका एका हाताने तिची वेणी घालत आणि दुसऱ्या हातात ओले फोटो धरत. वेणी नेहमी वाकडीच व्हायची. ठकीने कधी तक्रार केली नाही.

ठकी कॉलेजात गेली त्या वर्षी साबणाचा कारखाना बंद पडला. ज्या वासाला लोक शिव्या देत होते, तो वास एका आठवड्यात नाहीसा झाला. मग तीच माणसं बाकावर बसून म्हणू लागली, "हवेत काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, नाही?" गाव रिकामं होऊ लागलं. जाणाऱ्यांना अर्जांसाठी छोटे फोटो लागत आणि अशा फोटोत मागे काहीही चालत नसे. म्हणून काकांनी माझ्यापुढे एक पांढरी चादर टांगली. तळं झाकलं, मनोरा झाकला. चादरीमागून मला फक्त आवाज येत. "कुठे निघालात?" काका विचारत. उत्तर काहीही आलं तरी ते म्हणत, "छान, छान."

एके दिवशी त्याच चादरीपुढे ठकी येऊन बसली. लांबच्या शहरातल्या एका इस्पितळात नर्सचं शिक्षण मिळणार होतं.

"बाबा, मी सुट्टीत येईन ना," ती म्हणाली.

"येशील गं. हनुवटी खाली घे."

खटका वाजला. "मला मावशीकडे जायचंय. तेवढा फोटो लावून अर्ज टपालात टाकाल ना? शेवटची तारीख जवळ आलीय," असं सांगून ती निघून गेली.

संध्याकाळी काकांनी ती चादर धुवायला काढली, म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलं. ते अंधाऱ्या खोलीतून ओला फोटो घेऊन बाहेर आले. ठकीचे डोळे मिटलेले होते. त्यात कुणाचीच चूक नव्हती. पापणी लवली होती, एवढंच. ठकी शेजारच्या गल्लीतच होती. एक हाक मारली असती, तर ती धावत आली असती. काका माझ्यासमोर कितीतरी वेळ उभे राहिले. मग त्यांनी फोटो वाळवला, कापला, अर्जावर चिकटवला आणि पाकीट बंद केलं.

तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. डोळे मिटलेला फोटो चालत नाही, असं त्यावर लिहिलं होतं. तोवर मुदत टळून गेली होती.

"नजरचूक झाली गं," काका म्हणाले. त्यांची मान वर होत नव्हती.

ठकीने अर्जावरचा तो फोटो पाहिला, मग वडिलांकडे पाहिलं. "होतं असं," ती म्हणाली. एवढंच. मला वाटलं होतं, ती रडेल, आदळआपट करेल. तिने काहीच केलं नाही. फोटो तेवढा अर्जावरून सोडवून तिने आपल्या पुस्तकात ठेवला.

पुढच्या वर्षी ती गेली. अर्जासाठी तिने शेजारच्या गावी जाऊन दुसऱ्याच स्टुडिओत फोटो काढून घेतला होता. फोटोवाल्याच्या मुलीने परक्याकडे फोटो काढला, ही बातमी गावभर झाली. काकांना कुणी विचारलं तर म्हणत, "त्यांचा कॅमेरा नवीन आहे." त्या दिवसापासून घड्याळाची गोष्ट मात्र त्यांनी कुणालाही सांगितली नाही.

ठकी वर्षातून एकदा यायची. एक दिवस राहायची. दोघं जेवायची, हवापाण्याचं बोलायची. "तब्येत बरी आहे ना?" "बरी आहे. तुझी?" अशी अठरा वर्षं गेली, मित्रांनो! या काळात मनोरा पाडला, तळं बुजवलं आणि तिथे गाड्या लावायला जागा केली. सगळ्यांच्या हातात फोन आले, स्टुडिओत कुणी फिरकेनासं झालं. काका रोज दार उघडायचे, कॅमेरा पुसायचे, रस्त्याकडे बघत बसायचे.

एका दुपारी पेंटर त्यांच्याजवळ बसला होता. त्याचा हात आता कापायचा, पाट्या रंगवणं सुटलं होतं. काका अचानक म्हणाले, "तो फोटो मी मुद्दाम लावला होता रे."

पेंटर म्हणाला, "भाऊजी, हे मला काय सांगताय? तिला सांगा."

"ती विचारेल म्हणून वाट बघतोय. विचारलं की सगळं सांगणार आहे. पाय धरीन तिचे."

"आणि नाहीच विचारलं तर?"

काका उठून कॅमेरा पुसू लागले. त्याच वर्षी, हिवाळा संपता संपता, ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

ठकी आली. केसांत पांढऱ्या बटा, पायांत इस्पितळातले पांढरे बूट. निरोप मिळाल्यावर ती तशीच निघाली होती. सगळं उरकल्यावर मामा-भाची स्टुडिओ आवरायला बसली आणि पेंटरने तिला काकांचं बोलणं सांगितलं.

"मला माहीत होतं, मामा," ठकी म्हणाली. "बाबांनी डोळे मिटलेला फोटो कुणाला दिलाय का कधी? अर्ज परत आला त्याच दिवशी मला कळलं."

"मग अगं पोरी, बोलली का नाहीस?"

"ते सांगतील म्हणून थांबले होते. दर वर्षी येताना गाडीत वाटायचं, आज सांगतील. सांगितलं असतं ना, तर मी एवढंच म्हणणार होते, की बाबा, असू दे. तेवढंच म्हणायचं होतं हो मला."

ती माझ्यापुढच्या सतरंजीवर बसून रडली. म्हाताऱ्या पेंटरने तिच्या डोक्यावर आपला कापरा हात ठेवला. तो हात थांबत नव्हता आणि ठकीचं रडणंही. मी एवढा मोठा पडदा, पण तिला जवळ घेता येत नव्हतं.

जाताना तिने मला तुमच्या शाळेला दिलं. बऱ्याच वर्षांनी तुमच्या बाईंनी एका स्नेहसंमेलनात मला टांगलं, तेव्हा एका मुलाने विचारलं, "हे कुठलं गाव आहे?" बाई याच गावच्या, पण तळं बुजल्यानंतर जन्मलेल्या. त्या म्हणाल्या, "असेल कुठलं तरी." मग मी या खोलीत आलो.

मला त्याचं वाईट वाटत नाही. कापड विरणारच. मला एकच मागायचं आहे. मित्रांनो, तुमच्यातले बरेच जण मोठे होऊन हे गाव सोडाल. खुशाल जा. गावाला नावं ठेवा, त्याची आठवण काढा, दोन्ही करा. पण घरातल्या कुणी तुमच्यावर अन्याय केला असेल, किंवा तुमच्या हातून कुणावर झाला असेल, तर समोरचा आधी बोलेल म्हणून वाट बघत बसू नका. रडून बोला, रागावून बोला, बोलताना चुकलात तरी चालेल. आज शाळा सुटल्यावर घरी जाल, तेव्हाच बोला.

आता घंटा झाली. पळा.