मस्कतला न पोहोचलेली बॅग

माळ्यावर पत्र्याला पाठ लावून आडवी पडलेली ही जुनी चॉकलेटी बॅग म्हणजे मी, मित्रांनो. माझ्या अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलंय, 'कुंडलिक, मु. पो. पिंपळवंडी, ता. जुन्नर'. अक्षर वेडंवाकडं आहे. मला विचारलं असतं, तर मी जरा बऱ्या माणसाकडून लिहून घ्या म्हटलं असतं. पण बॅगेला कोण विचारतं?

मी कुठल्या कारखान्यात तयार झाले, ते मला ठाऊक नाही. मला कळायला लागलं ते मस्कतमधल्या एका दुकानात. तिथे कुंडलिकभाऊंनी मला घेतलं. ते तिकडे पाण्याचा टँकर चालवायचे. लग्न झाल्यावर प्रतिभाताईही तिकडे गेल्या. एका दुमजली घराच्या वरच्या खोल्यांत ते राहायचे आणि खाली राहायची घरमालकीण मरियम. तिला सगळे जद्दा म्हणत. जद्दा म्हणजे तिकडची आजी.

त्यांच्या लेकीचा, आरतीचा जन्म तिकडचाच. बाळंतपणाला माहेरचं कुणी येऊ शकलं नव्हतं. प्रतिभाताई बाळाला घेऊन दारात आल्या, तेव्हा जद्दाने स्वतःच्या आईची लोकरीची शाल आणली आणि पोरीला तिच्यात गुंडाळलं. पुढे चाळीस दिवस ती गुडघे धरत जिना चढायची आणि बाळंतिणीला मेथीचं पाणी पाजून खाली जायची. मी पलंगाखालून सगळं बघत होते. शाल मात्र तिने परत नेलीच नाही.

ते माझे मानाचे दिवस होते. दोन वर्षांतून एकदा मी पिंपळवंडीला यायचे. खजूर, साबण, डोकेदुखीचा बाम, सगळं माझ्या पोटात. मी उघडले की निम्मी आळी गोळा व्हायची. मला लई भाव होता, खोटं कशाला बोलू?

मग ते आजाराचं वर्ष आलं. विमानं बंद झाली, टँकरचं काम सुटलं, आणि एक दिवस फोन आला की चार तासांत निघा. प्रतिभाताईंनी दोरीवरचे कपडे ओढून माझ्यात कोंबले. जद्दा तेव्हा मुलाकडे गेली होती. तिचा निरोपसुद्धा घेता आला नाही. घरी येऊन मला उघडलं, तर कपड्यांत ती शाल निघाली. ताई कपाळाला हात लावून बसल्या. तेव्हापासून शाल माझ्याकडे आहे. दर उन्हाळ्यात कडुलिंबाचा पाला बदलतात, पण पाच वर्षांत परत जाणं काही जमलं नाही.

यंदा जद्दाचाच फोन आला. तिची नजर गेली होती. घर पाडणार होते, आणि मुलगा तिला कायमचं दूर सलालाला नेणार होता. भाऊंना अरबी येतं. ते ऐकून ताईंना म्हणाले, "आईची शाल मागतीय. म्हनती, घर सोडताना अंगावर पायजे."

दोघांनी ठरवलं, शेवटचं जाऊन यायचं, घर बघायचं, शाल हातात द्यायची. पुतण्या संपतने तिकिटं काढली. मला पुसून खाली ठेवलं. मला काय आनंद झाला! माझंही ते गावच की.

भाऊंची आई सरूबाई म्हणाल्या, "नारळ घे गं वटीला."

"आत्या, नारळ न्हेत न्हाईत इमानात," प्रतिभाताई म्हणाल्या.

ताई गोठ्यात गेल्यावर म्हातारी माझ्याजवळ आली. शाल उलगडली. तिच्यात एक खण, मूठभर तांदूळ, हळकुंड आणि सुक्या खोबऱ्याची वाटी ठेवली.

"माझ्या नातीला पयलं पांघरूण घातलं त्या बाईनं," ती पुटपुटली. "तिच्या दारात सून मोकळ्या हातानं उभी ऱ्हाईल व्हय? नारळ न्हाई तर न्हाई. खोबरं चालंल."

मित्रांनो, खोबरं चालत नाही! त्यात तेल असतं, पेट घेईल म्हणून ते बॅगेतून काढून ठेवतात. विमानतळावर मी कितीदा पाहिलं होतं. पण सांगू कशी? एरवी चार वेळा अडकणारी माझी चेन त्या दिवशी लोण्यासारखी सरकली.

मुंबईला यंत्रात खोबरं दिसलं आणि मला बाजूला काढलं. कुलूप मालकासमोरच उघडायचं, असा नियम. तिकिटावर नंबर संपतचा. तो नारायणगावच्या टोमॅटो बाजारात, फोन टेम्पोत. भाऊ-ताई विमानात बसून गेले आणि मी एका खोलीत पडले. शेजारच्या लाल बॅगेत लोणचं सांडलं होतं. चार दिवस मी त्याचा वास घेत शाल कवटाळून होते. जमिनीवरून एक वीतसुद्धा मला हलता येत नव्हतं.

परतताना दोघांनी मला सोडवलं. खोबऱ्याची वाटी बाहेर निघाली, तेव्हा ताईंनी सरूबाईंचा खण ओळखला.

घरी सरूबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. "दिली शाल? काय म्हनली?"

"त्यांनी हात फुडं केला व्हता, आत्या," ताई खाली बसत म्हणाल्या. "दिसत न्हाई, हातानंच बघत्यात. माझं तोंड चाचपलं, खांदा चाचपला. मंग इचारलं, शाल कुठंय? बॅग मागं ऱ्हायली म्हनलं. त्या हसल्या. पर हात तसाच व्हता."

"बॅग कशी काय मागं ऱ्हायली?"

भाऊंनी तोंड उघडलं. ताई आधीच म्हणाल्या, "वजन जास्त झालं. मीच पीठ लई भरलं व्हतं."

सरूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "तुला न सांगता मी खोबरं घातलं व्हतं, गं. तेवढ्यानंच वजन वाढलं का?"

"खोबऱ्याच्या वाटीला कितीसं वजन असतंय, आत्या?" ताई म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या.

त्याला दोन महिने झाले. जद्दाने ते घर शालीवाचून सोडलं. सलालाचा पत्ता कळवतो म्हणालेल्या मुलाचा फोन आता लागत नाही. आरती अवसरीच्या कॉलेजातून घरी आली की रोज लावून बघते.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू नीट जपली म्हणजे झालं, असं मलाही वाटायचं. शालीला मी कसर लागू दिली नाही, पण त्याचा त्या म्हातारीला काय उपयोग? तुमच्या घरात कुणाचं काही राहिलं असेल, तर आजच उठा आणि नेऊन द्या. तुम्हाला पाय आहेत.