घरचा माल

शेडमधल्या बायका तिला 'मालकीण' म्हणत. स्वतःचं शेत असूनही ही दुसऱ्याच्या दारात टोमॅटो निवडायला येते, म्हणून थट्टा. तीही हसून म्हणे, "मालकीण आहे म्हणून तर येते गं. शेताला पोसायला कुणीतरी कमवायला नको का?"

घरी मात्र हे तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. नवऱ्याचा समज असा, की घर शेतावर चालतं आणि बायकोच्या मजुरीतून वरखर्च सुटतो. खरं होतं ते अगदी उलट. रोपं, खत, फवारणी, सगळीकडे तिचीच पदरमोड. असला आतबट्ट्याचा व्यवहार त्याला कळत नसेल असं नाही. पण काही गोष्टी माणसाला कळून घ्यायच्याच नसतात. या खेपेला तोच म्हणाला होता, "आताही खर्च निघाला नाही तर शेत विकून टाकू." एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून पडला, ते तिला बघवलं नव्हतं.

शेडमधलं काम तसं सोपं. हातात लोखंडी कडी असे. टोमॅटो तिच्यातून खाली पडला तर बारीक, तो गुरांच्या टोपलीत. अडकला तर पेटीत. नियम एकच कडक होता: घरचा माल समोर आला की उठायचं आणि मुकादमाला सांगून दुसरीला बसवायचं. ती दर वेळी मुकाट्यानं उठे. दर वेळी दुसरी बाई हिच्या नवऱ्याचा निम्मा माल गुरांना घाली.

त्या सकाळी समोर आलेले क्रेट तिनं बघताक्षणी ओळखले. एकूणएक टोमॅटो देठ खाली करून, लेकरू निजवावं तसा ठेवलेला. इतकं जपून दुसरं कोण भरणार? तिनं उठायला हवं होतं. ती उठली नाही. पहिला बारीक टोमॅटो पेटीत टाकताना तिनं चोरून मुकादमाकडे पाहिलं. मग हात सैल सुटला आणि कडी नुसती मांडीवर पडून राहिली.

दुपारी फाटकापाशी नवऱ्याला पेटीत गेलेल्या मालाचे पैसे मिळाले. तिनं जाळीतून पाहिलं, तो गाडीवाल्याच्या पाठीवर थाप मारून हसत होता. तिला मनापासून आनंद झाला. खोटं कशाला बोला?

संध्याकाळी मुकादमानं एक पेटी उघडली. वरचा टोमॅटो कडीतून पडला. त्याखालचाही पडला.

"घरचा माल होता ना?" त्यानं विचारलं.

तिनं मान खाली घातली.

"त्याचे पैसे तर देऊन बसलोय. ते तुझ्या मजुरीतून कापतो. पंधरवडा गेला समज. आणि उद्यापासून येऊ नकोस."

"दादा, एवढी एक चूक पोटात घाला."

"घातली असती गं. पण ही पेटी पुढं कुणी उघडली असती तर? मलाही घर आहे."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. वाटेत तिच्या ध्यानात आलं, की नवऱ्याच्या खिशात आज पडले ते शेताचे पैसे नव्हतेच. तिचीच मजुरी फाटकातून वळसा घालून त्याच्याकडे गेली होती.

तो दारातच उभा होता. "बघितलंस? सगळा माल पास! एक टोमॅटो गुरांकडे गेला नाही. तू मला वेड्यात काढत होतीस."

"मी कधी काढलं?"

"बोलली नाहीस, पण मनात होतंच की. येतायेता रोपवाल्याकडे गेलो. या वेळी दुप्पट लावायची. आणि हे बघ, तिथं मान मोडून बसणं आता पुरे. उद्यापासून घरी राहा. शेत पोसतंय आपल्याला."

तिला सगळं सांगून टाकायचं होतं. पण त्याचा चेहरा असा उजळलेला, की तिनं भलतंच विचारलं.

"अहो, सगळेच पैसे दिलेत रोपांना?"

"सगळेच!"

"बरं केलंत," ती म्हणाली आणि आत गेली. डब्यात उद्यापुरतंही पीठ नव्हतं. ते तिच्या मजुरीतून यायचं होतं.