मला आडवं आणलं त्याची गोष्ट

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी घुरघुरतो. बोलता बोलता मध्येच थरथरलो तर घाबरू नका. वय झालं की असं व्हायचंच. मी एकदारी, सायीच्या रंगाचा, जुना फ्रीज आहे. हल्लीच्या दोनदारी मंडळींसारखा मला तोरा नाही, आणि दारातून पाणी वगैरे देण्याची कलाही मला येत नाही. थंड ठेवायचं, एवढं एकच काम मला येतं. ते मात्र मी इमानेइतबारे केलं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, रंग चढवला, पाठीला जाळी लावली, पोटात गॅस भरला आणि मला एका आइस्क्रीमच्या दुकानात पाठवलं. तिथे काही वर्षं मजेत गेली. मग दुकानाला माझ्यापेक्षा मोठा फ्रीज मिळाला आणि मला मागच्या बोळात उभं केलं. पाऊस खाल्ला, ऊन खाल्लं, एका मांजरीने तर माझ्या खालच्या कप्प्यात पिल्लं घातली. पिल्लं गोड होती, पण तुम्हीच सांगा, फ्रीजची ही काय किंमत झाली?

तिथून मला बाबांनी उचललं. बाबा म्हणजे बिट्टीचे बाबा. ते फ्रीज दुरुस्त करणारे मेकॅनिक. हातगाडीवर घालून त्यांनी मला घरी आणलं, आठ दिवस माझ्या पाठीशी बसून खटपट केली, आणि नवव्या दिवशी मी असा काही घुरघुरलो की आई स्वयंपाकघरातून धावत आली. "चालू झाला?" तिने विचारलं. बाबा म्हणाले, "चालू काय, धावतोय!" तेव्हापासून मी त्या घरचा.

त्या गल्लीत तेव्हा फ्रीज फार नव्हते. कुणाचं दूध, कुणाचं लोणी, कुणाच्या सुजलेल्या पायाला लावायचा बर्फ, सगळं माझ्याकडे. आई कुणाला नाही म्हणायची नाही. "ठेवा हो, जागा आहे," असं म्हणत ती माझ्या पोटात इतकं कोंबायची की दार लावायला गुडघा लावावा लागे. मी कुरकुरायचो, पण मनातून फुगायचो.

बिट्टी सात वर्षांची असताना आजारी पडली. सारखी तहान, सारखी दमणूक. डॉक्टरांनी सांगितलं, हिला आता रोज इन्शुलिन टोचून घ्यावं लागेल. त्या संध्याकाळी बाबांनी माझ्या दारातली अंडी काढून खाली ठेवली, तो कप्पा पुसून कोरडा केला आणि त्यात छोट्या काचेच्या बाटल्या ओळीने उभ्या केल्या. मग माझ्या दारावर हात ठेवून हळूच म्हणाले, "बाबा रे, आता हिचं सगळं तुझ्यावर आहे." मित्रांनो, आइस्क्रीमच्या दुकानात एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

चार वर्षं मी त्या बाटल्या सांभाळल्या. न उघडलेलं इन्शुलिन गार हवं, उन्हाळ्याच्या तापात ते फार टिकत नाही, पण गोठलं तरी वाया जातं. आठ अंशांच्या वर नाही, दोनच्या खाली नाही. मी एकदाही चुकलो नाही. शाळेत मात्र बिट्टीचे हाल झाले. कुणीतरी उठवलं, तिच्या डब्याला हात लावू नका, तुम्हालाही होईल. तिच्या बाकावरची मैत्रीण उठून दुसरीकडे बसली. घरी येऊन बिट्टी माझं दार उघडून उभी राहायची, काही घ्यायचं नसतानाही. आई ओरडायची नाही. मीही घुरघुर दाबून धरायचो.

मग बाबांना दुसऱ्या राज्यातल्या एका शीतगृहात नोकरी लागली. शहराबाहेर नवी कॉलनी, बैठी घरं, दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. बिट्टीने आईकडून शब्द घेतला. "तिकडे कुणाला सांगायचं नाही. कुणालाच नाही." आई म्हणाली, "नाही सांगणार, बाळा." गल्लीतले लोक म्हणत होते, हा म्हातारा फ्रीज इथेच देऊन टाका. बाबा म्हणाले, "हा माझ्या हातचा आहे. हा येणार." बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

आता ऐका गंमत. फ्रीज उभाच न्यायचा असतो. आडवा केला की पोटातलं तेल नळ्यांमध्ये शिरतं. हे बाबांनी आयुष्यभर लोकांना सांगितलं. म्हणून सामान बांधताना त्यांनी माझ्या दारावर आणि दोन्ही बाजूंना खडूने हातभर मोठ्या अक्षरात लिहिलं, "उभा ठेवा." मग मायेच्या भरात, मला ओरखडा येऊ नये म्हणून, माझ्याभोवती तीन गोधड्या गुंडाळल्या आणि वरून सुतळीने करकचून बांधलं. झालं! अक्षरं गेली गोधडीत. हमालांनी मला एखाद्या गादीसारखं आडवं टाकलं, आणि दोन दिवस मी माझ्याच कुशीवर पडून, नळ्यांत तेल घेत, राज्य ओलांडलं.

नव्या घरी बिट्टी आणि आईबाबा गाडीने सकाळीच पोहोचले होते. बिट्टीच्या पाच बाटल्या बर्फाच्या डब्यात होत्या. बाबांनी त्यात तापमान बघायची नळीही ठेवली होती. त्यांचा हिशोब सरळ होता. ट्रक आला की मला उभं करायचं, थोडं थांबायचं, चालू करायचं आणि बाटल्या आत. दुपारी ट्रक आला, फळी खाली पडली आणि बाबांनी मला पाहिलं.

"अहो, आडवा? आडवा आणलात?" बाबांचा आवाज चिरकला.

"साहेब, कुठे लिहिलं होतं?" हमाल म्हणाला.

मला व्हरांड्यात उभं करून बाबांनी तावातावाने सुतळी कापली, गोधड्या ओढल्या. आणि समोर त्यांचीच टपोरी अक्षरं. हमालाने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "लिहिलंय की! पण आम्ही गोधडीतून कसं वाचायचं?" बाबांचं तोंड बघण्यासारखं झालं. एरवी मी खो खो हसलो असतो.

पण हसायची वेळ नव्हती. बर्फाचं केव्हाच पाणी झालं होतं.

"लावा हो तसाच," आई म्हणाली. "एक दिवस काय होतंय?"

"आत्ता लावला तर कॉम्प्रेसर जाम होईल," बाबा म्हणाले. "मग आज नाही आणि उद्याही नाही. त्याला उद्या दुपारपर्यंत नुसतं उभं राहू दे."

मला वाटत होतं, लावा. झालो जाम तर झालो. पण माझं कोण ऐकतंय?

बाबा बर्फ शोधायला गेले. कॉलनी इतकी नवी की कोपऱ्यावरच्या दुकानांना अजून पाट्याही लागल्या नव्हत्या. सगळी शटर खाली. बाबांचं शीतगृह शहराच्या पलीकडे, आणि तिथे सगळंच गोठवतात. औषधाचं दुकान शहरात, आणि तिथे चिठ्ठीशिवाय ही बाटली मिळायची नाही. नव्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली. चालू बाटली तर तळाला आलेली. बाबा घामाघूम होऊन हात हलवत परत आले. डब्यातली नळी दहा अंश दाखवत होती.

"शेजारी विचारूया," आई म्हणाली.

"आल्या आल्या लोकांच्या दारात?" बाबा म्हणाले. "आजवर आपण कुणापुढे हात पसरलाय का?"

"नाही!" बिट्टी एकदम म्हणाली. "आई, तू शब्द दिलायस."

आई खोक्यावर बसली. मग म्हणाली, "आजीचं औषध आहे म्हणून सांगू."

"आणि आजी कुठे आहे म्हणाले तर?" बिट्टीने विचारलं. तिघांनीही रिकाम्या घराकडे पाहिलं. आजीच काय, खुर्चीसुद्धा नव्हती.

मी दारात उभा, कोरडा, बंद, पोटात काळोख. चार वर्षं ज्या बोटाएवढ्या बाटल्यांसाठी मी जागलो, त्या माझ्यापासून दोन पावलांवर तापत होत्या आणि मला काही करता येत नव्हतं. इतकं निरुपयोगी मला त्या बोळातही वाटलं नव्हतं.

बिट्टीने डब्याचं झाकण उघडून नळी बघितली. अकरा. मग बारा. तिने झाकण लावलं, डबा उचलला आणि चपला न घालताच पायऱ्या उतरली.

"अगं, थांब, मी येते," आई उठली.

"नको. मीच जाते."

आमच्या व्हरांड्यातून शेजारचं दार समोर दिसायचं. बिट्टी तिथे उभी राहिली. हात घंटीच्या बटणापर्यंत गेला आणि खाली आला. पुन्हा गेला, पुन्हा खाली आला. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले आणि बटण दाबलं.

दार उघडलं एका उंच, सडपातळ बाईंनी. चष्मा कपाळावर. पोस्टात पार्सलं घेणाऱ्या खिडकीवर त्यांनी उभा जन्म काढला होता, हे आम्हाला मागाहून कळलं. कॉलनीत त्यांना सगळे पोस्टाच्या आजी म्हणत.

"आजी, तुमच्या फ्रीजमध्ये थोडी जागा आहे का?"

"जागा? जागाच जागा आहे. काय ठेवायचंय?"

बिट्टीने डबा छातीशी धरला. बाबांनी मान दुसरीकडे वळवली. आईने माझ्या दाराची मूठ घट्ट धरली होती.

"इन्शुलिन," बिट्टी म्हणाली. आणि मग, जरा मोठ्याने, "माझं आहे. मला रोज घ्यावं लागतं."

आजींनी चष्मा नाकावर आणला आणि डबा दोन्ही हातांनी घेतला, नाजूक पार्सल घेतात तसा. "किती गार लागतं? गोठलेलं चालतं का? वरच्या कप्प्यापासून लांब ठेवायचं ना? चल आत, तू दाखव, मी ठेवते." मग भिंतीवरून आमच्याकडे बघून ओरडल्या, "अहो, दुपारपासून बघतेय मी, तुमचं नुसतं आत-बाहेर चाललंय. एक हाक मारायला काय झालं होतं? आणि पोरीला अनवाणी पाठवलंत उन्हात!"

बाबांनी ओशाळून हात जोडले. आई हसली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी मला चालू केलं. आधी मी ठसकलो, मग दोनदा थरथरलो, मग लागला सूर. बिट्टीने टाळ्या वाजवल्या. माझं पोट गार व्हायला संध्याकाळ झाली, आणि बिट्टी डबा घेऊन शेजारी गेली. परत आली तेव्हा डब्यात चारच बाटल्या.

"पाचवी कुठेय गं?" आईने विचारलं.

"आजी म्हणाल्या, एक राहू दे."

मला राग आला, मित्रांनो. अगदी खरं सांगतो. माझ्यावर विश्वास नाही का? एवढी वर्षं सांभाळल्या, आणि एकदा आडवा आलो तर लगेच दुसरा फ्रीज?

तेवढ्यात पोस्टाच्या आजीच भिंतीपाशी आल्या. "तुमचा कधी बंद पडला, वीज गेली, तर हाताशी एक असावी, म्हणून म्हटलं," त्या म्हणाल्या. आई "हो, हो" म्हणाली. आजी जायला वळल्या आणि थांबल्या. "आणि दुसरं सांगू का? तीन वर्षं झाली, मी दार उघडते तेव्हा आत फक्त माझंच असतं. माझं दूध, माझं लिंबू. आज सकाळी उघडलं, तर आत कुणाचं तरी काही होतं. राहू द्या ना एक."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

आता या गोष्टीला दोन वर्षं होत आली. दर महिन्याला बिट्टी ती बाटली वापरायला घरी आणते आणि तिथे नवी ठेवते. कॉलनीतल्या मुलांनी एकदा विचारलंच, तू आजींकडे काय ठेवतेस? तिने सांगितलं. एकाने तोंड वाकडं केलं. बाकीच्यांनी विचारलं, दुखतं का गं? ती म्हणाली, थोडं. मग सगळे पळापळी खेळायला गेले.

मी आता थकलो आहे. माझ्या दाराचं रबर सैल झालंय, आणि पुढच्या वर्षी नवा फ्रीज घ्यायचं घरात चाललंय. घ्यावा. मला व्हरांड्यात ठेवलं तरी माझी तक्रार नाही, तिथून शेजारचं दार छान दिसतं. जाता जाता एवढंच सांगतो. घरातल्या जुन्या यंत्रांना पुसत जा, त्यांच्या पाठीमागची धूळ काढत जा. आणि कधी तुमच्या शेजारी सामानाचा ट्रक येऊन थांबला, नवी माणसं खोकी घेऊन आत-बाहेर करताना दिसली, तर ती मागायला येतील म्हणून वाट बघू नका. मागायला फार जड जातं हो. तुम्हीच भिंतीपाशी जा आणि विचारा, "आमच्या फ्रीजमध्ये काही ठेवायचंय का?"