नळी पुरेल तिथवर

तानाबाई गेल्याचं गावात कळलं तो बाजाराचा दिवस होता. माणसं हातातल्या पिशव्यांसकट अंगणात आली. प्रत्येकाने तिच्या नवऱ्याला, घनश्यामला, एकच गोष्ट विचारली आणि त्यानेही प्रत्येकाला एकच उत्तर दिलं.

"अन् ते ऑपरेशनचं काय झालं मंग?" शेजारचे भगवानराव म्हणाले.

"तिचंच मन नव्हतं."

"बाईमाणूस. भेली असन."

"हो," घनश्याम म्हणाला.

खरी गोष्ट वेगळी होती.

तानाबाईची फुप्फुसं दोन वर्षांपासून आखडत चालली होती. औषधांनी भागेना, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी फुप्फुसं बदलण्याचा विषय काढला आणि दोघांना मैत्रेयीकडे पाठवलं. अशा रोग्यांशी बोलून त्यांना निर्णय घ्यायला मदत करायची, हेच तिचं काम. तिने काही झाकून ठेवलं नाही. ऑपरेशन हैद्राबादला होईल. काही जण त्यातून उठत नाहीत. जे उठतात त्यांना जन्मभर गोळ्या. त्याआधी तपासण्या. सहा मिनिटांत किती चालता ते मोजतील, आणि वजन थोडं वाढायला हवं. शिवाय घरचं एक माणूस तिथे खोली करून महिनोन्महिने जवळ हवं. त्याने स्वयंपाक करायचा, वेळेवर गोळ्या द्यायच्या, सगळं स्वच्छ ठेवायचं.

"ताई, तुम्हाला काय वाटतं?" मैत्रेयीने विचारलं.

तानाबाईने सवयीने नवऱ्याकडे पाहिलं. परक्या माणसासमोर ती त्याच्या आधी कधी बोलली नव्हती.

"तिले काय समजते मॅडम," घनश्याम म्हणाला. "मी घरी इचारून सांगतो."

मैत्रेयीने तानाबाईच्या हातात एक कागद दिला. "हा तुम्ही एकटीने भरायचा. लिहिता येतं ना?"

"चवथी पास हाये," तानाबाई म्हणाली. तेवढंच बोलली.

घरी तिने तो दोन दिवस लावून भरला, पाकिटात घातला आणि भाताची शितं लावून पाकीट चिकटवलं. "हे त्या पोरीले द्या," म्हणाली. घनश्यामने ते एक्स-रेच्या पिशवीत टाकलं. ही काय लिहिणार, आपण म्हणू तेच, असं तो धरून चालला होता.

तिला विचारायचं मात्र त्याने टाळलं. त्याला साधा चहा येत नव्हता. परमुलखातली खोली, चूल आपल्या हातात, एक गोळी चुकली की बायको गेली, आणि मग गावाला बोलायला मोकळं: नेऊन मारली. हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

त्याच दिवसांत तानाबाईने एक नवीन खोड लावून घेतली. ऑक्सिजनच्या मशीनची लांब नळी नाकाला लावून ती अंगणात उतरायची आणि लिंबाच्या झाडापर्यंत चालायची. नळी तिथवरच पुरायची. तिथून परत.

"कायले येरझारा घालून राह्यली? बस ना गुमान."

"पाय मोकळे करून राह्यली."

रोज दोन अंडी खायला लागली. घनश्याम म्हणाला, "त्या कोंबडीनं काय घोडं मारलं तुहं?" ती हसली आणि मग बराच वेळ खोकत राहिली.

मैत्रेयीचा फोन आला तेव्हा तो गोठ्याच्या आडोशाला गेला.

"मॅडम, ती नाही म्हणते."

"कागद भरला का त्यांनी? मला एकदा त्यांच्याशी बोलू द्या."

"झोपली हाये."

तानाबाई समोर लिंबाला हात लावून वळत होती.

तीन महिन्यांनी ती गेली. तिसऱ्या दिवशी भाड्याचं मशीन परत द्यायचं म्हणून त्याने त्याचे कागद काढायला पिशवी उपसली आणि पाकीट हाती आलं. शितं वाळून कडक झाली होती. आत 'तुमची स्वतःची इच्छा काय?' या एकाच प्रश्नाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:

"मले जायचं हाये. मराचं भेव मले नाही, आमच्या ह्यायले हाये. मी सांगतलं तर आयकाचे नाही. तुमी ह्यायले समजावून सांगा."

घनश्यामने कागद घडी करून खिशात ठेवला.

त्याच दुपारी तानाबाईची धाकटी बहीण रुखमाबाई त्याच्यासमोर येऊन बसली. "भाऊजी, तिनं काहून नाही म्हटलं असन हो? मले तर फोनवर म्हणे, आज अकरा चक्कर मारले, नागपूरवाले पाहतच राहतीन."

घनश्यामने खिशावर हात ठेवला. आता सांगावं असं वाटलं. रुखमाबाई वाट पाहत होती.

"चहा ठेवतो," तो म्हणाला आणि उठला.

"तुमाले येते?"

"शिकलो."

चहा गोड झाला होता. रुखमाबाईने तो प्यायला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपने ती परत गेली.

मैत्रेयीचा त्यानंतर दोनदा फोन आला. घनश्यामने उचलला नाही. तानाबाई गेल्याचं तिला अजून माहीत नाही, आणि तिच्यासाठी लिहिलेला कागद तिला पोचलेला नाही. रुखमाबाईला आणि गावाला त्याने खरं सांगायचं राहिलं आहे.