मकबूलभाईंचं पुणं

मिरजेच्या त्या गल्लीत पुणं सगळ्यांना तोंडपाठ होतं, ते मकबूलभाईंमुळे. मकबूलभाई तंबोरे करायचे. भोपळा निवडण्यापासून तारा चढवण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हातानं. वर्षातून तीन-चार वेळा ते दोन तयार तंबोरे गोधडीत गुंडाळून रात्रीच्या गाडीनं पुण्याला जात, बुधवार पेठेतल्या अनंतरावांच्या वाद्यांच्या दुकानात पोचवत, दिवसभर पुणं बघत आणि पुन्हा रात्रीच्या गाडीनं परत येत. आल्यावर संध्याकाळी त्यांच्या दारात बैठक भरे. शेजारच्या बायडाबाई तांदूळ निवडायचं सूप घेऊनच येत.

मकबूलभाई सांगू लागले की ऐकणाऱ्याला पुणं समोर दिसे. पेशवे पार्कातला वाघ दुपारी बाराच्या भोंग्याबरोबर डरकाळी फोडतो. पर्वतीवर वारा असा की माणसानं टोपी हातात धरून बसावं. आणि शनिवारवाडा! त्याच्या दाराचा एकेक खिळा कोपरापासून मनगटापर्यंतचा, आणि आत सात मजली महाल, त्यात आरशांचा दिवाणखाना. एका बाजूनं माणूस शिरला की शंभर माणसं शिरल्यासारखी दिसतात.

हमीदानं हे सगळं वीस वर्षं ऐकलं. पोरं लहान असताना मांडीवर घेऊन ऐकलं, पोरं मोठी झाल्यावर भाकऱ्या थापताना ऐकलं. धाकट्या बिलकिसचं लग्न होऊन ती सांगलीला गेली आणि घर एकदम रिकामं झालं, तेव्हा एकोणनव्वद सालच्या फेब्रुवारीत हमीदा म्हणाली की या खेपेला मीही येणार.

मकबूलभाईंनी आधी थंडीचं कारण काढलं. मग गर्दीचं. मग म्हणाले, दोन तंबोरे आणि एक बाई एवढं एका माणसाला गाडीत सांभाळता येत नाही. हमीदानं ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी बुरखा चढवला, स्वतः स्टेशनवर गेली आणि दोन तिकिटं काढून आणली. तीसुद्धा सकाळच्या गाडीची. रात्रीच्या गाडीत खिडकी असून काय उपयोग, असं तिचं म्हणणं.

गाडीत तिला खिडकी मिळाली. तंबोरे वरच्या फळीवर निजवले होते आणि मकबूलभाई दर स्टेशनला उठून त्यांच्या अंगावरची गोधडी सारखी करत होते. कराडच्या अलीकडे हमीदानं डबा उघडला. चपात्या, खिमा, तळलेल्या मिरच्या. समोरच्या बाकावरच्या सर्जेराव नावाच्या पैलवानासारख्या गृहस्थांनी डब्याकडे बघून तंबोऱ्यांची चौकशी केली, आणि चौकशी करता करता ते जेवायलाच बसले. ते साताऱ्याला उतरणार होते आणि पुण्याला त्यांचं कधी जाणं झालं नव्हतं. एवढं कळल्यावर मकबूलभाईंना चेव चढला. साताऱ्यापर्यंत त्यांनी त्या माणसाला पर्वती चढवली, वाघ दाखवला, आरशांच्या दिवाणखान्यातून फिरवून आणला. उतरताना सर्जेराव म्हणाले की आता पुण्याला जायची गरज उरली नाही.

पण जेजुरी मागे पडली तसे मकबूलभाई गप्प होत गेले. घाटातले बोगदे आले, हमीदा लहान मुलीसारखी प्रत्येक बोगद्याला हात खिडकीबाहेरून आत घेत होती, आणि हे आपले पाणी पीत बसलेले. तिला वाटलं, खिमा बाधला. तिनं पिशवीतून ओवा काढून दिला. त्यांनी मुकाट्यानं खाल्ला.

पुण्याला उतरल्यावर मकबूलभाई इतक्या भराभर चालू लागले की हमीदाला मागं धावावं लागलं. रिक्षा, बुधवार पेठ, दुकान. वाटेत तिनं दोनदा हे काय, ते काय असं विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी सांगितलं की ती एक इमारत आहे.

अनंतराव सत्तरीचे, बारीक अंगाचे, आणि बोलताना शब्द मोजून देणारे. त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला, तारेवरून बोट फिरवलं आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "बरा आहे." मकबूलभाईंचा चेहरा उजळला. हमीदाला नंतर कळलं की अनंतरावांच्या तोंडून याहून मोठी तारीफ कुणी ऐकलेली नव्हती.

चहा आला. अनंतरावांनी हमीदाची विचारपूस केली, प्रवास कसा झाला, मुलं काय करतात. मग कपबशी खाली ठेवत म्हणाले, "वहिनी, तुम्ही आलात म्हणून हे आज टेकले तरी. वीस वर्षं बघतोय, तंबोरे ठेवायचे, अर्धा कप चहा प्यायचा आणि सकाळी साडेदहाला स्टेशन गाठायचं. गाडी रात्रीची. मी एकदा विचारलं, एवढ्या लवकर जाऊन गाडी धुता की काय."

मकबूलभाईंनी चहाचा घोट घेतला तो बराच वेळ गिळला नाही. हमीदाला बोलायचं खूप होतं, पण परक्याच्या दुकानात नवऱ्याची फजिती करायची तिची रीत नव्हती. शिवाय तिला आता पुढची गंमत बघायची होती.

स्टेशनजवळच्या लॉजवर ती शांत झोपली. तिच्या नवऱ्याला मात्र झोप लागली नाही, हे सकाळी त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

"आज शनिवारवाडा बघू की," ती चहा पिताना म्हणाली. "तुम्हाला तर वाट पाठ असेल."

मकबूलभाई पाठ असल्यासारखे निघाले. बसमधून भलत्याच ठिकाणी उतरले आणि पाठीमागे हात बांधून एका गल्लीत शिरले. ती तांबटांची आळी निघाली. दोन्ही बाजूंना तांब्याचे हंडे, घंगाळी, आणि हातोड्यांची ठोकठोक अशी की आपलं बोलणं आपल्याला ऐकू येऊ नये. हमीदाला ती आळी फार आवडली. थोड्या वेळानं तीच आळी पुन्हा आली. मग आणखी थोड्या वेळानं तिसऱ्यांदा आली. तेव्हा एका म्हाताऱ्या तांबटानं हातोडी थांबवली आणि विचारलं, "घंगाळं आवडलंय का? मगाचपासून वळून वळून येताय. आत या, बसून बघा."

मकबूलभाई खाली बघत पुढे सटकले. हमीदा मात्र थांबली. तिनं त्या म्हाताऱ्याला सांगितलं की घंगाळं खरंच सुंदर आहे, पण आम्हाला शनिवारवाड्याला जायचंय आणि वाट सापडत नाही. म्हाताऱ्यानं तिच्याकडे एकदा आणि तिच्या नवऱ्याच्या पाठीकडे एकदा पाहिलं, हातोडीनंच दिशा दाखवली आणि सांगितलं की डावीकडे वळून सरळ जा, चुकलात तर चौथ्या फेरीला चहा ठेवतो.

पाच मिनिटांत ते वाड्यासमोर उभे होते. दार खरोखरच प्रचंड होतं आणि त्यावरचे खिळे पाहून हमीदाच्या अंगावर काटा आला. खिळ्यांच्या बाबतीत नवरा खोटं बोलला नव्हता. तिला उगाच बरं वाटलं. दारातून ती आत गेली आणि थबकली.

आत काहीच नव्हतं. हिरवळ होती, फुलांचे वाफे होते, दगडी जोती होती, एक कोरडं कारंजं होतं. वर नुसतं आभाळ.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा तिच्याहून जास्त पडला होता. ते दोन पावलं पुढे गेले, मान वळवून चारी बाजूंना बघून आले, आणि शेवटी पाइपानं पाणी घालणाऱ्या माळ्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "आतला महाल कुठंय?"

"जळाला," माळी म्हणाला.

"कधी?"

"एकशे एकसष्ट वर्षं झाली." त्यानं पाइप दुसऱ्या वाफ्यात टाकला. "तुम्हाला कळवायचं राहून गेलं."

हमीदानं पदर तोंडात कोंबला, तरी हसू आवरेना. हसत हसत ती एका जोत्यावर बसली. मकबूलभाई शेजारी येऊन बसले आणि कुणी न विचारता सगळं सांगू लागले.

वीस वर्षांपूर्वी, पहिल्याच खेपेला, तंबोरे पोचवून ते पुणं बघायला निघाले होते. रस्त्यात एका टोपीवाल्या गृहस्थांना त्यांनी अदबीनं विचारलं की शनिवारवाडा कुठे आहे. गृहस्थ म्हणाले, "तुमच्या पाठीमागे. तुम्ही वळता, की त्याला वळायला सांगू?" आजूबाजूचे चार लोक हसले. मकबूलभाईंनी वळून बघितलं, दार दिसलं, खिळे दिसले, आणि कान असे तापले की ते आत न जाता तडक स्टेशनवर आले. त्यानंतर पुण्यात कुणाला काही विचारायची त्यांची छाती झाली नाही. आणि विचारल्याशिवाय पुण्यात फिरायचं कसं?

"मग दिवसभर करत होता काय?" हमीदानं विचारलं.

"फलाटावर बसायचो. लोक फिरून परत आलेले असायचे. त्यांना विचारायचो, काय काय बघितलं." ते जोत्याच्या दगडावर बोट फिरवत राहिले. "पोरं वाट बघत असायची. त्यांना काय सांगू, बाप फलाटावर बसून आला?"

हमीदाचं हसू थांबलं. तिच्या डोळ्यांपुढे तो बाक आला, त्यावर हा माणूस, सकाळपासून रात्रीपर्यंत, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून घरच्यांसाठी पुणं गोळा करत बसलेला. वीस वर्षं. तिला त्याचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. एवढी वर्षं आपल्याला तरी खरं सांगायला काय झालं होतं, हे तिनं बोलून दाखवलं.

"आरशांचं कुणी सांगितलं?" तिनं मग विचारलं.

"ते माझंच," मकबूलभाई म्हणाले.

हमीदा उठली, साडी झटकली आणि म्हणाली की आता पुढचं मी विचारते, तुम्ही फक्त बरोबर चला.

मग तिनं जी विचारायला सुरुवात केली, ती दिवसभर थांबली नाही. पोलिसाला विचारलं, एका फुलवालीला विचारलं, दोन कॉलेजच्या मुलींना विचारलं. काहींनी सरळ सांगितलं, काहींनी टोमणा मारून सांगितलं, पण सांगितलं सगळ्यांनी. एका दुकानदारानं, इथे पत्ते विचारू नयेत, अशी पाटी लावली होती. हमीदाला ती वाचता येत होती, तरी तिनं त्यालाच जाऊन विचारलं, पाटीवर काय लिहिलंय. त्यानं पाटी वाचून दाखवली आणि मग पेशवे पार्कचा रस्ताही दाखवला.

पेशवे पार्कात वाघ पाय पसरून झोपलेला होता. बारा वाजले, साडेबारा वाजले, त्यानं कानही हलवला नाही. मकबूलभाई पिंजऱ्यापुढून हलायला तयार नव्हते, एकदा तरी डरकाळी फोडेल म्हणून. शेवटी हमीदानं त्यांना ओढून फुलराणीत बसवलं. त्या छोट्या आगगाडीत पोरांच्या मध्ये गुडघे पोटाशी घेऊन दोघं बसले, आणि गाडी झाडांमधून वळसा घेऊन परत जागेवर आली. मकबूलभाईंनी आपणहून पुन्हा दोन तिकिटं काढली.

दुपारी कात्रजचं सर्पोद्यान बघायचं ठरलं. स्वारगेटच्या थांब्यावर बस उभी होती. हमीदा विचारायला पुढे झाली, तोच मकबूलभाईंनी तिला हातानं थांबवलं. त्यांनी टोपी नीट केली, घसा साफ केला आणि दारात उभ्या असलेल्या चष्मेवाल्या गृहस्थांना विचारलं, "ही बस कात्रजला जाते का?"

गृहस्थांनी वर पाटीकडे बघितलं. "लिहिलंय तर तसंच."

मकबूलभाईंचे कान लाल होताना हमीदाला दिसले. पण ते पाटीकडे बघून म्हणाले, "ते मी वाचलं. ड्रायव्हरनं वाचलंय का, एवढंच विचारायचं होतं."

चष्मेवाल्या गृहस्थांनी प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग ते बाजूला सरकले, दोघांना आत घेतलं आणि कात्रज येईपर्यंत खिडकीतून काय काय दिसतं ते सांगत राहिले. त्यांचं नाव श्यामसुंदर, पोस्टातून निवृत्त झालेले. उतरताना त्यांनी बजावलं की उद्या पर्वती चुकवू नका, आणि सकाळी जा, ऊन व्हायच्या आत.

पण उद्या तर परतीची गाडी होती. कात्रजला अजगर बघून झाल्यावर दोघं बाहेर गार दुधाची बाटली घेऊन सावलीत बसले. मकबूलभाई म्हणाले, एक दिवस वाढवला तर? हमीदानं बिलकिसच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला आणि सांगितलं की अब्बांचं पुण्यात काम निघालंय. त्या कामापायी मकबूलभाई दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पर्वतीच्या पायऱ्या चढत होते, दर दहा पायऱ्यांना थांबत आणि येणाऱ्या प्रत्येकाला, वर अजून किती उरल्या, हे विचारत. वर पोचल्यावर वारा अगदी बेताचा होता. सगळं पुणं खाली पसरलं होतं, आणि त्यातलं आपण काय काय बघितलं ते दोघं बोटानं एकमेकांना दाखवत राहिले, जे दिसत नव्हतं तेसुद्धा.

परतीच्या गाडीत मकबूलभाईंनी कुणाला काही सांगितलं नाही. पाय इतके दुखत होते की जेजुरी यायच्या आत दोघंही झोपी गेले. मिरजेला समोरच्या बाईंनी हलवून उठवलं, नाहीतर थेट कोल्हापूर बघून आले असते.