ओल

बाइंडरबुवांना पालीची किळस होती, आणि ती काही साधीसुधी किळस नव्हती. भिंतीवर पाल दिसली की ते जेवणाचं ताट उचलून दुसऱ्या खोलीत जात. अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीने पाल पाळावी, तीही दुकानातून विकत आणून, याला काय म्हणावं? "पाल नाही हो बाबा, लेपर्ड गेको आहे," ती सांगायची. पिवळट अंगावर काळे ठिपके, गाजरासारखी जाड शेपूट आणि ओठ मिटून हसल्यासारखं तोंड. त्या हसण्याचीच बुवांना सगळ्यात जास्त शिसारी यायची.

लेक नोकरीच्या ट्रेनिंगसाठी परगावी निघाली आणि चिंगी, म्हणजे ती पाल, बुवांच्या गळ्यात पडली. जाताना लेकीने काचेच्या पेटीतला एक झाकणाचा डबा दाखवला. त्याला चिंगीपुरतं भोक होतं आणि आत ओलं शेवाळ.

"हे सुकू द्यायचं नाही. कात टाकताना तिला ओलावा लागतो. अळ्या घाला, पाणी ठेवा, आणि हे ओलं ठेवा. एवढंच."

बुवांनी मान डोलावली. बायको गेल्यापासून घरात दोघंच. लेकीला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

ती गेली आणि त्यांनी तो डबा उघडला. आतून कुबट भपकारा आला. बुवांचा सगळा जन्म जुनी पुस्तकं बांधण्यात गेलेला. ओल आली की बुरशी आली आणि बुरशी आली की पुस्तक संपलं, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. असल्या घाणीत मुकं जनावर आजारी पडेल नाहीतर काय होईल? त्यांनी नाकाला रुमाल लावून शेवाळ केरात टाकलं, डबा पुसून खडखडीत कोरडा केला, तळाशी टीपकागद अंथरला आणि पुस्तकांच्या कपाटात ठेवतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या त्यावर मांडल्या. एवढी बडदास्त त्यांनी स्वतःच्या अंथरुणाचीही कधी ठेवली नव्हती.

काही दिवसांनी चिंगी पांढुरकी पडली. आधीचीच ओल बाधली असणार, असं ठरवून बुवांनी आणखी पुड्या टाकल्या.

मग एका दुपारी अळ्यांची वाटी चिमट्याने आत सरकवताना (अळ्यांबद्दल न बोललेलंच बरं) त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. कातडं अर्धवट सुटून अंगावर चिंध्या लोंबत होत्या. उरलेलं बोटांना आवळून बसलं होतं आणि मागच्या पायाचं एक बोट सुजून काळंनिळं झालं होतं. बुवा मोरीत जाऊन ओकले, चूळ भरली आणि लेकीला फोन लावला.

पुड्यांचं ऐकून तिने आधी बोटांचा रंग विचारला.

"बाबा, कात अशी आवळली की बोटाचं रक्त बंद होतं. बोट गळून पडतं. कोमट पाण्यात बसवून ती सैल करायची आणि हातात धरून सोडवायची. शेपटीला धरलं तर शेपूट तुटते." मग आवाज खाली गेला. "पण तुम्हाला नाही जमायचं ते. राहू दे. मी उद्या येतेच आहे."

ती चिडली असती तर बुवांनीही दोन शब्द सुनावले असते. पण तिने त्यांच्याकडून अपेक्षाच सोडली होती. ते त्यांना फार लागलं.

त्यांनी पसरट डब्यात पाय बुडतील इतकं कोमट पाणी घेतलं, श्वास रोखला आणि चिंगीला उचललं. मऊ, लिबलिबीत, आणि आत काहीतरी धडधडणारं! अंगावर सर्रकन काटा आला. "शी, शी, शी," म्हणत त्यांनी तिला पाण्यात बसवलं.

हळूहळू कातडं फुगलं. ते फुगणं मात्र बुवांच्या ओळखीचं होतं. पुस्तकावर चिकटलेली जुनी चिठ्ठी अशीच सोडवतात. ओल द्यायची, वाट बघायची, ओढायचं नाही. ओल त्यांच्या कामातही लागत होतीच की! हे आधी का सुचलं नाही, म्हणून त्यांनी स्वतःला एक शिवी हासडली. मग भिंग डोळ्याला लावलं, चिंगीला डाव्या मुठीत धरलं आणि ओल्या कापसाने एकेका बोटावरचं कातडं गोल फिरवत उतरवायला घेतलं. मध्येच तिने त्यांच्या मनगटावर घाण केली. बुवांनी डोळे मिटले, पण मूठ सोडली नाही. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा चिंगीने मान वळवली आणि तो त्यांच्या बोटांतून ओढून मचमच खाऊन टाकला. स्वतःचं कातडं! तिला पेटीत सोडून बुवांनी पुन्हा मोरी गाठली.

दुसऱ्या दिवशी लेक आली. ती पेटीपाशी पोचायच्या आत बुवा म्हणाले, "एक बोट नाही वाचायचं. चूक माझीच."

लेकीने चिंगीला तळहातावर घेऊन पायाचं एकेक बोट पाहिलं. मग बुवांकडे पाहिलं.

"हातात धरलंत तिला?"

"मग काय पायात धरू?"

"ओकलात?"

"दोनदा."

ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग तिने पिशवीतून नवं शेवाळ काढलं आणि डबा बुवांच्या पुढे केला. बुवांनी शेवाळ भरून पाणी शिंपडलं. तोच कुबट वास आला.

"अजून," लेक म्हणाली.

बुवांनी तोंड वाकडं केलं आणि अजून शिंपडलं.