वांदरीची तेरवी

धनजकडून कारंज्याला जाणारी एसटी जिथं कारण नसताना थांबते, ते आमचं गाव. नकाशात शोधू नका. नकाशा काढायला आलेल्या साहेबाचा चष्मा आमच्या वांदरांनी पळवला, आणि बिनचष्म्याचे साहेब गाव ओलांडून तसेच पुढं गेले. एका हुप्प्यानं पोलीस पाटलाच्या चुलीवरचा कुकर उचलून निंबावर नेला आणि शिट्टी होईपर्यंत झाकणाला हात लावला नाही, इतका शिस्तीचा गडी. खोटं वाटत असेल तर कुकर दाखवतो. झाकण अजून निंबावरच आहे.

पण पुढचं जे सांगतो त्यात माझी भर नाही.

आमच्या गावात सगळ्यात जास्त वांदरांचा राग कुणाला, तर तुळसाबाईला. मारोतीच्या देवळाला लागून तिची वांग्याची वाडी. नवरा गेल्यावर तिनं ती एकटीनं ओढली. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक तोडायचा, टोपली डोक्यावर घ्यायची आणि पहिल्या एसटीनं कारंज्याचा बाजार. वांदर वांगं खात नाही, एक घास घेतं आणि फेकतं. दुसरं तोडतं, तेही फेकतं. म्हणून तिनं पाइपाची बंदूक आणली होती. पाइपात कार्बाइडचा खडा टाकायचा, वर थोडं पाणी, मग लायटर दाबायचा. आवाज असा की मालेगावच्या बाजारात दुकानदार शटर खाली ओढत, असं मी सांगत असे.

ती बार काढायची तेव्हा देवळाच्या ओट्यावरून बापूराव ओरडायचे. बापूराव देवळाच्या समितीचे अध्यक्ष. गावात कुणाच्या लग्नात फेटा कोणत्या रंगाचा बांधायचा हेही तेच ठरवतात. "मारोतीवर बंदूक चालवून राह्यली हे बाई," ते म्हणायचे, "इचं काय बरं होईन?" आणि त्याच बापूरावांच्या टिनाच्या छपरावर वांदरं नाचली की ते पोरांच्या हाती सुतळी बॉम्ब द्यायचे. तो बॉम्ब देवाला लागत नसावा.

त्या शनिवारी असंच झालं. टोळी बापूरावांच्या घरावर उतरली, अंगणातल्या वाळवणात हात घातला आणि अख्खं गाव थाळ्या, फटाके, गोफणी घेऊन धावलं. तुळसाबाई तेवढी नव्हती, ती बाजारात होती. आम्ही टोळीला या टिनावरून त्या टिनावर हाकलत नेलं. शेवटच्या टिनापुढं झाड नव्हतं, वीज मंडळाची डीपी होती. पोटाशी पोर धरलेल्या एका वांदरीनं तिच्यावर उडी घेतली. ठिणगी उडाली आणि गावातले पंखे बंद पडले.

ती खाली पडली तेव्हा आमच्या हातातल्या थाळ्या अजून वाजत होत्या. मग एक थांबली, दुसरी थांबली. बापूरावांनी पायातली चप्पल काढली. ते पाहून सगळ्यांनी काढल्या. अर्ध्या तासात तिरडी बांधून झाली, गुलाल आला, टाळ-मृदंग आला. माणसांनी डोकी भादरली. ज्यानं सगळ्यात लांब गोफण मारली होती तो सगळ्यात मोठ्यानं रडत होता.

पोर जिवंत होतं. मुठीएवढं तोंड, अंगावर काळसर लव. ते आईच्या छातीला असं चिकटलं होतं की तिरडीवरून तसंच मिरवत गेलं. लोक म्हणाले, पाहा भक्ती. खड्ड्यात मीठ टाकायची वेळ आली तेव्हा त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

बापूरावांच्या गोपालनं सगळं मोबाइलवर काढलं. मला विचारलं, आबाजी, या वांदरीचं काही सांगा. मी सांगितलं की दर शनिवारी ती भजनाला यायची, मागच्या रांगेत बसायची आणि टाळ्या वाजवायची. फक्त सम चुकायची. माझं तोंड सरळ होतं. दुसऱ्या दिवशी देवळावर फ्लेक्स लागला: भजनात टाळ्या वाजवणाऱ्या मारोतीरूप मातेची तेरवी, सर्वांना रोडग्याच्या पंगतीचं आमंत्रण. सम चुकल्याचं तेवढं गाळलं होतं.

पोराच्या कमरेला लाल दोरी बांधून ते देवळाच्या गजाला अडकवलं. गळ्यात घुंगरू. धनजहून, कारंज्याहून मोटरसायकली येऊ लागल्या. जो येईल तो काहीतरी आणायचा. पेढा, केळं, चहात बुडवलेलं बिस्कीट, चकलीसुद्धा. अजून आईच्या दुधावरचं ते पोर. तोंडाशी येईल ते चोखायचं, आणि लोक फोटो काढायचे.

आणि टोळी देवळामागच्या निंबावर येऊन बसली. ती हलेना. हा निंब तुळसाबाईच्या बांधावरचा. त्यातली एक तुटक्या शेपटीची म्हातारी वांदरी दिवसभर पोराकडं पाहत खर्जात हूं हूं करायची, आणि बाकीची भूक लागली की खाली वांग्यात उतरायची. आठवडा होत आला तशी वाडीत निम्मी झाडंही उरली नाहीत. तुळसाबाई बापूरावांकडं गेली. मी ओट्यावरच होतो.

"बापूरावभाऊ, थे लेकरू सोडून द्या. त्याच्यापायी टोळी बसून राह्यली. लेकरू गेलं का थे जाईन."

"तुले लेकराची पडली का वांग्याची?"

"वांग्याची," ती म्हणाली. "खोटं कायले बोलू?"

ओट्यावर हशा झाला. बापूरावांनी तिला सांगितलं की ज्या बाईनं वर्षभर देवावर बार काढले तिनं देवाच्या लेकराबद्दल तोंड उघडू नये.

दोन दिवसांनी वनविभागाची समीक्षा मॅडम मोटरसायकलवर आली. वनरक्षक, वयानं लहान, बोलायला नरम. तिनं पोर उचलून पाहिलं, त्याच्या शेपटीखालची ओली घाण पाहिली आणि तिचा चेहरा बदलला. तिचंही म्हणणं तेच: एक तर टोळीजवळ ठेवा, त्यांच्यातल्या बाया दुसरीचं पोर घेतात, नाहीतर मला द्या, मी दवाखान्यात पोचवते. असं बांधून ठेवणं गुन्हा आहे, हेही तिनं सांगितलं.

बापूराव हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुमी लेकीसारख्या. पण देवाचं लेकरू पिंजऱ्यात नाई देत आमी. तेरवी होऊ द्या, मंग पाहू."

मागं गाव जमलं होतं आणि त्यातला कुणी हसत नव्हता. उद्या माणसं घेऊन येते म्हणून ती गेली. ती आलीही, पोलीस घेऊन. त्या दिवशी बायका पोराला मधोमध घेऊन भजनाला बसल्या आणि उठल्याच नाहीत. पोलीस बायकांना हात लावेनात. तेरवी चार दिवसांवर होती; होऊन जाऊ द्या, असं ठरलं.

दरम्यान तुटक्या शेपटीची दोनदा देवळात उतरली. एकदा तर तिनं पोराला छातीशी घेतलंही होतं, पण दोरी ताणली. गावात बोभाटा झाला की रानटी वांदरं देवाचं लेकरू पळवायला पाहतात. मग समितीनं ठराव केला आणि तुळसाबाईची बंदूक देवळात आणून ठेवली. टोळी खाली उतरली की गोपाल लायटर दाबायचा. आता त्या बारानं कुणाचा देव दुखावत नव्हता. पहिल्या आवाजाला पोर दचकायचं. नंतर नंतर दचकायचंही थांबलं.

तुळसाबाई रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन उभी राहायची. पहिल्यांदा ती निंबाकडं पाहायची, टोळी किती खाली आली ते. मग ती गजाकडं पाहू लागली. एकदा मला म्हणाली, "आबाजी, आज त्यानं मान नाई उचलली." वांग्याचं काही बोलली नाही.

तेरवीचा दिवस उजाडला. भाजीला वांगी हवी होती, आणि गावात वांगी एकाच वाडीत. टोळीनं सोडलेली जेवढी होती तेवढी समितीनं देवाच्या नावानं तोडून नेली. दुपारी सगळे मळ्यात गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजत होते. देवळात मी होतो, कारण म्हाताऱ्याला आराजवळ कुणी बसू देत नाही. तुळसाबाई आली, इळ्यानं दोरी कापली, घुंगरू काढून ओट्यावर ठेवलं. माझ्याकडं तिनं पाहिलं. मी डोळे मिटले. एका डोळ्यानं पाहत होतो.

तिनं पोर निंबाच्या बुंध्याशी ठेवलं आणि मागं सरकत वाडीच्या मध्यापर्यंत गेली. तिथं खाली बसली, हात मांडीवर उघडे ठेवून, जणू हातात काही नाही हे दाखवत. टोळी बराच वेळ हलली नाही. तिच्याकडं पाहायची त्यांना सवय होती ती बंदुकीसकट. मग तुटक्या शेपटीची उतरली. पोराला हुंगलं, चाटलं, छातीशी लावलं आणि चढू लागली.

वांदराच्या पोराला चढताना आई धरत नाही. पोरच धरतं. या पोराच्या बोटांत धरायची ताकद उरली नव्हती. पहिल्या फांदीच्या आधीच ते खाली पडलं. म्हातारी उतरली, पुन्हा घेतलं, पुन्हा चढली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं एका हातानं धरलं आणि तीन पायांवर चढायला पाहिलं. मग ती त्याच्याजवळ खालीच बसली आणि त्याच्या अंगावरचे गुलालाचे कण एकेक करून वेचू लागली.

तेवढ्यात मळ्याकडून माणसं आली. बार निघाला. म्हातारी गेली. तुळसाबाईनं धावत जाऊन पोर उचललं आणि लोकांना दिसलं ते एवढंच: तिच्या हातात मेलेलं पोर, आणि कमरेला इळा.

"मारलं इनं," बापूराव म्हणाले. "मनातलं केलं शेवटी."

मी उठलो आणि सगळं सांगितलं, इथं लिहिलं तसंच, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. गोपालनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आबाजी, आज नका. आज तेरवी हाये."

पोराला आईशेजारी पुरलं. आईनंच बोलावून नेलं, असं बायका म्हणाल्या. पंगत ठरलेल्या वेळी बसली. तुळसाबाईच्या घरी कुणी ताट पाठवलं नाही, तिच्या वांग्यांची भाजी मात्र झणझणीत झाली होती. मीही जेवलो. पहिली वाढी झाली तेव्हा तुटक्या शेपटीची देवळाच्या भिंतीवर येऊन बसली. पत्रावळीकडं तिचं लक्ष नव्हतं, ती गजाकडं पाहत होती. पंगतीतला एक जण उठला आणि त्यानं तुळसाबाईची बंदूक उचलली.

टोळी त्यानंतर गावात दिसली नाही. तुळसाबाईनं वाडी मोडून हळद लावली. बंदूक तिनं परत मागितली होती, पण ती देवाची झाली म्हणे. आता तिला शेंदूर लागतो.

शनिवारी अजून मोटरसायकली येतात. दोन समाध्यांपुढं पेढे ठेवतात, वांदरं कुठं आहेत म्हणून विचारतात आणि मला गाठतात. टाळ्या वाजवणाऱ्या वांदरीचं सांगितलं की ते दोनदा ऐकतात, मोबाइलवर घेतात, पाया पडतात. मग मी पोराचं सांगायला लागतो. बोटांपर्यंत आलो की ते किक मारतात.